एकतीस नंबरची पेटी

पहाटे ५.१०

कोपीतून बाहेर आलो तेव्हा बोटं बॅटरीचं बटण दाबायलाही तयार नव्हती. ही कोप शेतमालकांनी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, कडब्याच्या पेंढ्यांची उभी केलेली. पांडव पुजून झाले, भज्जी-आंबील संपली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि कोप माझ्या वाट्याला आली. अहमदपूरहून लोह्याकडं जाणारा रस्ता इथून फार लांब नाही. लातूर जिल्हा संपून नांदेड लागायलाही फारसा वेळ लागत नाही. समोर चार एकर सूर्यफूल, त्याला लागून करडई, आणि बांधाच्या कडेनं माझ्या अठ्ठेचाळीस पेट्या, सगळ्या मेलिफेरा माश्यांच्या.

एवढ्या पहाटे उठण्याचा मधाशी काही संबंध नाही. मी मेलेल्या माश्या वाचायला उठतो. पेटीतल्या माश्या आपले मुडदे दाराबाहेर ओढून टाकतात. ते उचलायला आधी मुंगळे येतात आणि फटफटलं की कोतवाल आणि वेडे राघू. सात वाजता जाल तर दारापुढची जमीन सारवल्यासारखी साफ, कुठल्या पेटीत काय बिघडलंय याचा पुरावा पाखरांच्या पोटात. म्हणून कंबर मोडेपर्यंत वाकून एकेक दार बघायचं. चार-पाच मेलेल्या असल्या तर चिंता नाही. ऐन कामाच्या दिवसांत कामकरी माशीचं आयुष्य सहाएक आठवड्यांचं असतं. म्हाताऱ्या माशीचे पंख कडेला फाटून झिरमिळ्या झालेले असतात, ते लगेच ओळखू येतं.

एकतीस नंबरपुढं थांबलो. सात माश्या. तीन मेलेल्या, चार चालत होत्या. म्हाताऱ्या मुळीच नव्हत्या. अंगावर कोवळी लव होती, म्हणजे आदल्या दिवशीच कोषातून बाहेर आल्या असणार. एकीला तळहातावर घेतलं आणि भिंग लावलं. पंख होते, पण उलगडलेलेच नव्हते. जाळावर धरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं टोक आकसून गोळा होतं तसे दोन बारीक बोळे पाठीला चिकटलेले. पोट आखूड आणि फुगीर. ती तळहाताच्या कडेपर्यंत चालत गेली, उडायचा पवित्रा घेतला आणि खाली मातीत पडली. उठून पुन्हा चालायला लागली.

वहीत लिहिलं: ३१, पंख, ७. हे करणाऱ्या विषाणूचं नाव डिफॉर्म्ड विंग व्हायरस. मी नुसतं ‘पंख’ लिहितो.

सकाळी ७.००

शेतमालक आण्णा मोटारसायकलवर दुधाची किटली अडकवून आले. मी काडेपेटीत ठेवलेली माशी त्यांना दाखवली.

“काय झालंय हिला? औषध फवारलं का कुनी?”

“फवारणीनं मेली असती तर शेकड्यांनी पडल्या असत्या आण्णा. ही जन्मालाच अशी आली. व्हायरस आहे.”

“म्हंजे लम्पी म्हन की.”

दोन वर्षं मी लोकांना हा रोग समजावून सांगतोय आणि दरवेळी अडखळतो. आण्णांनी एका शब्दात उरकलं. २०२२ मध्ये त्यांची देवणी गाय लम्पीत गेली. त्या वर्षी गुरांचे बाजार बंद होते, वाहतुकीला बंदी होती, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते, आणि गोठ्यात धूर करा, गोचीड मारा असं पशुवैद्यक घरोघर सांगत होते, कारण विषाणू चावणाऱ्या किड्यांबरोबर फिरत होता.

“मग हिला कोन चावतंय?”

“हिचीही गोचीडच. वरोआ म्हणतात. मोहरीपेक्षा चपटी, तांबूस. माशीच्या मानानं बघाल तर तुमच्या पाठीवर जेवणाच्या ताटलीएवढी गोचीड बसलीय असं समजा.”

“आन् लस?”

“नाही. लस नाही, विषाणूवर औषधही नाही. गोचीड मारायची, तेवढंच हातात.”

आण्णांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या गाईला तरी तू दवाखान्यात नेशील. हिला कुठं नेतूस.”

सकाळी ७.४५

फोन. एक ट्रक पंचवीस पेट्या घेऊन येतोय, माल स्वस्त आहे, मालकाला धंदा आवरायचाय. नको म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी अशाच फोनवर हो म्हटलं होतं. बारा पेट्या, भाव निम्मा, वर दोन चौकटी मधाच्या भरलेल्या. रात्री उतरवल्या आणि माझ्या पेट्यांच्या रांगेतच मांडल्या. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मधाच्या चौकटी बघून डोळे फिरले होते. तीन महिन्यांत त्या बारा तर गेल्याच, माझ्या चाळीसपैकी सतरा पेट्या सोबत घेऊन गेल्या. खापर विकणाऱ्यावर फोडायला सोपं आहे. रांगेत मी मांडल्या होत्या.

या रस्त्यावरचा माणूस ही गोष्ट लवकर समजू शकतो, कारण जत्रेचं माळेगाव याच रस्त्यावर पुढं आहे. खंडोबाच्या माळावर मार्गशीर्षात लालकंधारी बैल, देवणी गाई, घोडी, गाढवं, उंट, कुठकुठली जनावरं एका पाण्यावर येतात. मधमाश्यांच्याही अशा जत्रा असतात, फक्त देव नसतो. थंडीत राजस्थानात भरतपूरकडं मोहरी फुलते, नंतर बिहारात मुजफ्फरपूरला लिची, आणि तिथं अनेक राज्यांतल्या पेट्या शेजारी शेजारी लागतात. तिथून प्रत्येक जण आपल्या पेट्या घेऊन घरी जातो, शेजाऱ्याच्या गोचिडीसकट. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या माश्यांमधल्या या पंखाच्या विषाणूची वंशावळ लावून पाहिली, तेव्हा तो युरोपातल्या मेलिफेरा माश्यांपासून जगभर गेल्याचं दिसलं. म्हणजे माणसानं पेट्या आणि राण्या विकत नेल्या त्याच वाटेनं. माशी आपण होऊन समुद्र ओलांडत नाही.

सकाळी ९.४०

ऊन अंगाला लागलं आणि पेट्या सुटल्या. थंडीत हे दृश्य बघायला मिळतं: पहिल्या पाच-दहा माश्या दारात येऊन परत आत जातात, हवा पसंत नसल्यासारख्या, मग कुणीतरी एक उडते आणि पाचव्या मिनिटाला दारात रहदारी.

सूर्यफुलाच्या एका तबकापुढं उकिडवा बसलो. हे फूल एकदम उमलत नाही. कडेची बारीक फुलं आधी, मग रोज एकेक वेढा आत. उमललेल्या त्या पट्ट्यावर माझी एक मेलिफेरा, एक मोठी आग्या आणि दोन चिमुकल्या फुलोरी, चौघी एकाच ताटात. भांडण नाही. पण माशीच्या पायावरच्या परागाच्या गोळीत विषाणू सापडतात, अगदी धडधाकट दिसणाऱ्या माशीच्या गोळीतही. पराग चिकट राहावा म्हणून ती त्यात पोटातला मध मिसळते. तोच पराग फुलावर थोडा सांडतो, मागून येणारी उचलते. पंखाचा विषाणू आग्या आणि फुलोरी माश्यांमध्येही आढळलेला आहे. म्हणजे माझ्या पेटीतला आजार माझ्या पेटीपुरता आहे असं मी म्हणू शकत नाही. झाडावरच्या मोहळालाही त्यात भागीदार करून घेतलंय, विचारल्याशिवाय.

आणि फुलं कमी झाली की ताट एक आणि जेवणारे फार. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं गळीत धान्य संशोधन केंद्र लातूरला आहे, तिथून सूर्यफुलाचे संकरित वाण निघाले. एकेकाळी इकडं सूर्यफूल, करडई, जवस, कारळ यांची रानं पिवळी-निळी असायची. आता सोयाबीन. सोयाबीनचं फूल आपल्या आपणच फळतं, माशीला त्यातून फारसं मिळत नाही. आण्णांसारखा चार एकर सूर्यफूल पेरणारा माणूस सापडला की कुणीतरी दुसऱ्या पेटीवाल्याला कळवतोच, आणि सगळे तिथं. यंदा दीड किलोमीटरवर आणखी एक तळ पडलाय. माझ्या माश्या तीन किलोमीटरपर्यंत सहज जातात, त्यांच्याही.

सकाळी १०.३०

पेट्या उघडायचं काम. भाचा बारावी करून यंदाच सोबत आलाय, त्याला स्मोकर दिला. क्रम ठरलेला: सशक्त पेट्या आधी, संशयित शेवटी. बाळंतिणीच्या खोलीतून सुईण आजाऱ्याच्या खोलीत जाते, उलट येत नाही. दर पेटीनंतर पटाशी स्पिरिटच्या ज्योतीवर धरायची, हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे.

“मामा, अठ्ठेचाळीस वेळा धुवायचे?”

“सत्तेचाळीस. पहिल्यांदा धुतलेलेच असतात.”

भाचा हसला नाही. सोड्यानं त्याच्या बोटांच्या भेगा झोंबत होत्या.

आता मोजणी. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धी वाटी माश्या झटकून बरणीत घ्यायच्या, साधारण तीनशे भरतात. राणी त्यात नाही ना हे दोनदा बघायचं. झाकणाला जाळी. जाळीतून दोन चमचे पिठीसाखर टाकायची आणि बरणी हळूहळू गोल फिरवायची, डाळ पाखडताना सूप फिरतं तशी. मग मिनिटभर सावलीत ठेवायची. साखरेनं माश्यांचं अंग बुळबुळीत होतं, गोचिडीच्या पायांची पकड सुटते. बरणी पाण्याच्या पांढऱ्या ताटलीवर उलटी करून झटकली की साखर विरघळते आणि तांबूस ठिपके तरंगायला लागतात. जवळ जाऊन बघितलं तर त्यांचे पाय हलत असतात. माश्या जिवंत परत पेटीत. भुतासारख्या पांढऱ्या होऊन आत जातात आणि बहिणी त्यांना चाटून साफ करतात, त्यांची मजाच.

चार नंबर: २. अकरा: १. एकोणीस: ३. अठ्ठावीस: ४. एकतीस: १४.

शंभर माश्यांमागं तीन म्हणजे धोक्याची खूण. एकतीसमध्ये जवळजवळ पाच, आणि हे फक्त अंगावर बसलेले. खरं बिऱ्हाड झाकलेल्या घरात. वरोआची मादी अळीचं घर मेणानं बंद होण्याच्या थोडं आधी आत शिरते. पहिलं अंडं नराचं, मग साधारण तीस तासांनी एक याप्रमाणे माद्यांची. ते सगळं कुटुंब वाढत्या कोषाला पाडलेल्या एकाच छिद्रातून पितं. माशी बाहेर येते तेव्हा तिच्यासोबत आई आणि लेकी बाहेर येतात. बरीच वर्षं समज होती की गोचीड माशीचं रक्त पिते. २०१९ मध्ये सॅम्युअल रॅम्झी या अमेरिकन संशोधकानं दाखवलं की पूर्ण वाढलेल्या माशीवर असताना तिचं मुख्य खाद्य माशीच्या चरबीची ऊती, म्हणजे आपलं यकृत करतं ते काम करणारा अवयव. रोगाशी लढायचं बळ जिथून येतं तेच ती खाते, आणि त्याच तोंडानं विषाणू आत सोडते.

गोचीड नसताना हाच विषाणू माश्यांमध्ये असतोच. राणीकडून अंड्यात जातो, नराकडून राणीत, अन्नातून अळीत. पण तोंडावाटे थोडा थोडा गेला तर माशी निभावून नेते, पंखही नीट येतात. हवाईच्या बेटांवर २००७ मध्ये वरोआ पोचली आणि शास्त्रज्ञांना आधी-नंतरचं बघायला मिळालं: वरोआ नव्हती तिथं दहा टक्के पेट्यांत हा विषाणू होता, ती आल्यावर शंभर टक्क्यांकडं गेला. शिवाय विषाणूच्या अनेक जाती होत्या त्यातली एक उरली, गोचिडीला मानवणारी. शांतपणे नांदणारा विषाणू सुईच्या टोकावर बसला की वेगळा होतो.

मूळ ही गोचीड आपल्याच आशियातली. १९०४ मध्ये जावा बेटावर सातेरी या इकडच्याच देशी माशीवर पहिल्यांदा वरोआ वंशाची नोंद झाली. सातेरीला ती जुन्या शेजारणीसारखी माहीत आहे. एकमेकींच्या अंगावरून काढून फेकतात आणि गोचीड वाढते ती बहुतेक नरांच्या घरांतच. मेलिफेरा आली परदेशातून. भारतात ती १९६० च्या दशकात हिमाचलात नगरोट्याला नीट रुजली. तिला या गोचिडीची ओळखच नव्हती. मध जास्त देते म्हणून आपण तिला आणलं, हे मी तिच्या बाजूनं बोलतोय.

आता मोह. एकतीस दुबळी आहे, जवळची तेहतीस फुगलीय. तेहतीसमधली झाकलेल्या पिल्लांची एक चौकट काढून एकतीसला द्यायची: आठवड्यात दोन-तीन हजार नव्या माश्या, पेटी उभी. मीही हेच शिकलो, हेच वर्षानुवर्षं केलं. इर्जिकेसारखं वाटतं, जोरदार गड्यानं मागे पडलेल्याला हात द्यावा. आणि दुबळीची रिकामी पोळी जोरदार पेटीला साफ करायला द्यायची. माझ्या सतरा पेट्या याच चांगुलपणानं गेल्या. झाकलेली चौकट म्हणजे गोचिडींची भरलेली गाडी. कुठल्या दिशेनं हलवली यानं फरक पडत नाही. भाच्यानं तेहतीसचं झाकण उचललं होतं, मी नको म्हटलं.

दुपारी १.१५

ज्वारीची भाकरी, पातीचा कांदा, शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या घासाला फोन वाजला. किनवटच्या जंगलाकडचा एक मित्र, त्याच्याकडं सातेरीच्या पाच पेट्या. फोटो पाठवले होते. पोळ्यात अळ्या वाढून लांब झालेल्या, डोक्याकडचं टोक काळपट आणि नावेसारखं वर उचललेलं. एक त्यानं चिमट्यानं उचलली होती: कातडीची पिशवी आणि आत पाणी.

सॅकब्रूड म्हणजे नावाप्रमाणे पिशवी. अळीला शेवटची कात टाकता येत नाही, कात आणि अंग यांच्यामध्ये पाणी भरतं आणि ती तिथंच जाते. तिला उचलून फेकायला येतात त्या कोवळ्या दाया-माश्या. साफ करताना विषाणू पोटात जातो, डोक्यातल्या ग्रंथींत साठतो, आणि त्याच ग्रंथींच्या दुधानं त्या दुसऱ्या अळ्या वाढवतात. स्वच्छता आणि माया, दोन्ही कामांतून रोग पुढं जातो. यातलं कुठलं थांबवायला सांगणार?

मेलिफेरात हा आजार येतो आणि बहुधा हंगाम सुधारला की ओसरतो. सातेरीचं तसं नाही. १९७६ मध्ये थायलंडमध्ये याची सातेरीला मारणारी जात सापडली, १९७८ मध्ये ती मेघालयात दिसली, आणि १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. कोडगूचा मध म्हणून ज्याचं नाव होतं त्या कोडगूत पेट्या ओस पडल्या. दक्षिणेत मेलिफेरा पसरायला हेही एक मोठं कारण.

फोटोवरून रोगाचं नाव ठेवू नकोस, त्याला म्हणालो. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेला विचार, नमुना कसा पाठवायचा ते सांगतील. कोरोनात नाकातल्या काडीची करायचे तीच आरटीपीसीआर चाचणी यालाही लागते. तोवर राणीला पिंजऱ्यात ठेव म्हणजे अंडी थांबतील, अळी नाही तर विषाणूला वाढायला घर नाही. आणि टेट्रासायक्लिन देऊ नकोस. हे मुद्दाम सांगावं लागतं. विषाणूवर ते चालत नाही, मधात मात्र उतरतं. २०१० मध्ये युरोपीय संघानं भारतीय मध बंद केला त्यामागं प्रतिजैविकांचे अंश हे एक कारण होतं.

“थवा निघून गेला तर?”

“जाऊ दे. धरून दुसऱ्याच्या रानात नेऊ नकोस.”

विषाणूंच्या यादीत काश्मीरचंही नाव आहे. काश्मीरमधल्या सातेरी माश्यांत सापडला म्हणून १९७७ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड प्रयोगशाळेत लेस्ली बेली आणि वुड्स यांनी त्याचं नाव ‘काश्मीर बी व्हायरस’ ठेवलं. केशर, सफरचंद आणि हे.

दुपारी ३.००

शेजारच्या तळावर गेलो. मधपाळ पश्चिम महाराष्ट्रातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सांगोल्याकडच्या डाळिंबावरून तुरीवर, तुरीवरून इथं. ऐंशी पेट्या. त्यांनी चहा टाकला, मी त्यांच्या दारांकडं बघत होतो. एका पेटीच्या फळीवर पाच-सहा माश्या काळ्या, तुळतुळीत, अंगावर केस नाहीत, तेल लावल्यासारख्या चमकणाऱ्या. पंख थरथरत होते. पहारेकरी माश्या त्यांना परक्या समजून ढकलत होत्या.

“चोर माश्या आहेत,” ते म्हणाले.

“मालक, आपल्याच आहेत. लकव्याच्या आहेत.”

हा वेगळा विषाणू, जुनाट पक्षाघाताचा. याला गोचीड लागत नाही, गर्दी पुरते. दारं बंद करून पेट्या ट्रकमध्ये चोवीस तास दाबल्या की माश्या एकमेकींना घासतात, केस मोडतात, आणि मोडलेल्या केसाच्या भोकातून विषाणू आत जातो. त्यांनी मान हलवली. वाटेत ट्रकचा टायर फुटला होता, एक अख्खा दिवस गेला होता.

मी माझे आकडे वहीतून दाखवले, एकतीससकट. लाज वाटली, पण आपली पेटी आधी दाखवल्याशिवाय दुसरा आपली उघडत नाही. म्हणालो, एकट्यानं गोचीड मारून उपयोग नाही. माझी पेटी मोडली की तुमच्या माश्या तिचा मध लुटायला येतील आणि गोचिडी अंगावर घेऊन घरी जातील.

“पटतंय. पण मध चढायलाय आता. औषध घालून मधाला वास लावू का?”

हीच खरी अडचण, आणि ते चूक बोलत नव्हते. ओव्याचं फूल घातलं तर मधाला ओव्याचा वास लागतो, फॉर्मिक आम्लाला मराठवाड्याची दुपार सोसत नाही, आणि मधाची वरची कोठी चढवलेली असताना काहीच घालू नये. रोग ज्या महिन्यात वाढतो त्याच महिन्यात आमची वर्षाची कमाई असते. शेवटी ठरलं: रविवारी दोघांनी मध काढायचा, सोमवारी संध्याकाळी दोघांनी औषध. निघताना त्यांनी एक जास्तीची बरणी मागितली. जाळीच्या झाकणाची. दिली, धुवायला सांगून.

सायंकाळी ५.३०

एकतीसला रविवारपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. तिचा मध काढून वेगळा ठेवला. तो माणसाला चालतो, या विषाणूंचं माणसाशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्या माश्यांना मात्र द्यायचा नाही. मग पिल्लांच्या सगळ्या चौकटी काढल्या, उघड्या आणि झाकलेल्या, सहा. माश्या झटकून पेटीत, राणी आहे हे बघून, आणि जागेवर स्वच्छ बांधलेली रिकामी पोळी. आता सगळ्या गोचिडी माश्यांच्या अंगावर, लपायला घर नाही. साखरेच्या पाकात ऑक्झॅलिक आम्ल, दोन चौकटींच्या मधल्या प्रत्येक गल्लीत पिचकारीनं पाच मिलिलिटर.

भाच्यानं चुलीवर पातेलं ठेवलं होतं. चौकटीतून पोळं कापून मी त्यात टाकत गेलो. एका चौकटीत तीन-चार माश्या घराचं झाकण कुरतडून डोकं बाहेर काढत होत्या, मिशा हलवत. त्यातल्या एकीचे पंख चांगले असणार, निदान एकीचे. भाचा उठून बांधाकडं गेला. मी बोलावलं नाही. मेण वितळून वर आलं, खाली उरलं ते खड्ड्यात पुरलं. हात धुतले.

रात्री ८.१०

अंधार पडला, माश्या घरात आल्या. दाराला जाळी ठोकली, पेटीला दोरी आवळली, भाचा मोटारसायकलवर मागं बसला पेटी मांडीवर घेऊन. बालाघाटच्या माळावर माझ्या मावसभावाचं रान आहे, पाच-सहा किलोमीटर, आसपास कुणाची पेटी नाही. तीन किलोमीटरच्या आत नेली तर माश्या सकाळी जुन्याच जागेवर परततात. खडीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला आतून एकच हुंकार यायचा. माळावर बोरीखाली दगड मांडून पेटी ठेवली. भाऊ म्हणाला, “एकटीच?” आजारी आहे म्हटलं.

रात्री १०.२०

परत आलो. लाल बॅटरी लावून, कारण लाल उजेड माश्यांना दिसत नाही, रांगेवरून एक फेरी मारली. तीस आणि बत्तीसच्या मध्ये एकतीसचे चार दगड रिकामे असायला हवे होते. त्यावर माश्या होत्या. रानात उशीर झालेल्या, पेटीखाली गारठून बसलेल्या, आम्ही पेटी उचलली तेव्हा मागंच राहिलेल्या असणार. वीसेक असतील. दगडावर घोळका करून बसलेल्या, आणि घोळक्याच्या एका टोकाकडून ओळीनं खाली उतरून बत्तीसच्या दाराकडं चालत होत्या. थंडीत आलेल्या, पोटात थोडा मध असलेल्या माशीला पहारेकरी अडवत नाहीत.

साबणाच्या पाण्याची बादली कोपीत होती. आणेपर्यंत दगडावर आठ उरल्या होत्या.

वहीत लिहिलं: ३०, ३२, पंधरा दिवसांनी मोजणे.